रविवारचा विद्यार्थी

गेल्या गणपतीत गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी पडवीत बसलो होतो. पुतणी मोबाईल आडवा धरून डोळे बारीक करून वाचत होती. काय गं, विचारलं तर म्हणाली, "काका, अर्थशास्त्राचं पुस्तक." पुस्तक म्हणजे मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेले ४३ फोटो. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात मैत्रिणीचा अंगठा, आणि अंगठ्याखाली शेवटच्या ओळीतले दोनेक शब्द गडप. "तेवढे अंदाजाने लावायचे," ती हसत म्हणाली.

ही पोर दिवसा काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिते आणि दूरशिक्षणाने बी. ए. करते. अभ्यासकेंद्र तालुक्यातल्या एका कॉलेजात, रविवारी. कॉलेजचं ग्रंथालय त्या दिवशी बंद. एकदा रजा टाकून मधल्या वारी गेली, तर काउंटरवर पहिला प्रश्न, "रेग्युलर आहेस का?" नाही म्हटल्यावर कार्ड मिळालं नाही. फी घेताना हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. चाळिशी उलटल्यावर नोकरी सांभाळून इथल्या ओपन युनिव्हर्सिटीचा एक कोर्स केला. १९६९ साली निघालेलं हे विद्यापीठ दूरशिक्षणासाठीच आहे, त्यामुळे तिथे कुणी मला रेग्युलर आहेस का म्हणून विचारलं नाही. रात्री दीड वाजता एक लेख उघडेना म्हणून ग्रंथालयाच्या चॅटवर लिहिलं, तर पलीकडे खरोखर माणूस होता. छापील पुस्तक हवं झालं तेव्हा स्कॉनल नावाच्या योजनेत अर्ज केला. इथल्या विद्यापीठांनी आपसात केलेली ही सोय आहे. मंजुरीची ईमेल दाखवून घराजवळच्या, मी ज्याचा विद्यार्थी नव्हतो अशा विद्यापीठातून पुस्तकं घरी आणली.

हे सांगितलं की गावाकडची मंडळी म्हणतात, तुमच्याकडे काय, पैसा आहे. तसं नाही. २०१० नंतर इथल्या नगरपालिकांनी हात आखडता घेतला आणि शेकडो सार्वजनिक ग्रंथालयं बंद पडली किंवा स्वयंसेवकांच्या गळ्यात गेली. स्कॉनलला तरी पैसा कितीसा लागतो? दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला आपल्या दारात घ्यायचं, एवढं ठरवावं लागतं.

गावच्या ग्रुपवर वाद वेगळाच चालतो. आता सगळं मोबाईलवर आहे, वाचनालयाला अनुदान कशाला? पुराव्यादाखल 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' पुढे केलं जातं. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली करायला. योजना चांगलीच आहे. संशोधकांचं भलं होईल. पण ती नियतकालिकं बहुतेक इंग्रजीत, आणि माझ्या पुतणीला हवंय बी. ए.चं मराठी पुस्तक, ज्याची पानं फक्त मैत्रिणीच्या अंगठ्यासकट उपलब्ध आहेत. शिवाय पावसात लाईट गेली की आमच्या वाडीत रेंजही जाते. मग मोबाईल घेऊन सड्यावर चढायचं.

मोबाईलवाल्यांचं एक मात्र खरं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथ भिजले. कागदाचीच एक प्रत असणं कोकणात परवडत नाही, हे मान्य. पण म्हणून वाचनालयच नको, हे कुठलं?

आमच्या जिल्ह्यात वाचनालय विद्यापीठाच्या आधी आलं आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, मुंबई विद्यापीठ १८५७ चं. आज गावोगावी अ, ब, क, ड वर्गांतली शासनमान्य वाचनालयं आहेत. आमच्या वाडीजवळचं संध्याकाळी पाच ते सात उघडतं. दोन कपाटं कादंबऱ्या, एक कपाट दिवाळी अंक, आणि बाहेर आलेला प्रत्येक चप्पलजोड कुणाचा हे ओळखणाऱ्या ग्रंथपाल ताई. कॉलेजने पुस्तक एसटीच्या पार्सलने यांच्याकडे धाडावं, ताईंनी सही करून घ्यावं, पंधरा दिवसांनी परत पाठवावं. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मी सांभाळीन की. पण कॉलेजवाले देतील का?"

कॉलेजला तसं पत्र लिहिलंय. उत्तर येईपर्यंत पुतणीच्या मैत्रिणीला निरोप धाडलाय, फोटो काढताना अंगठा जरा बाजूला धर म्हणावं.