यंदाची ओ-लाइन गेली, असं कसं म्हणावं

हे लिहितोय २०२५ च्या हंगामाआधी. गेल्या शनिवारी एका ग्रॅज्युएशन पार्टीत मला कळलं, की ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल संघाची ऑफेन्सिव्ह लाइन (ओ-लाइन), म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणारी पाच जणांची भिंत, यंदा गेली. गेली म्हणजे पार कामातून गेली. सांगणारे गृहस्थ ओहायोतल्या डब्लिनला राहतात, कोलंबसच्या आसपास त्यांची उभी हयात गेली आहे. पाणीपुरीचं पाणी शर्टावर ओघळत असताना त्यांनी मला, याच युनिव्हर्सिटीत शिकलेल्या आणि थंडीवाऱ्यात वरच्या डेकवर बसून मॅच बघितलेल्या माणसाला, लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा माणूस) म्हणजे काय ते समजावलं. चुकीचं समजावलं, पण आवाज मोठा होता. भोवतालची मंडळी माना डोलावत होती. एवढं ज्ञान एकाच घरात कुजू नये, तुम्हालाही असं बोलता यावं, म्हणून हा खटाटोप. ३० ऑगस्ट २०२५ ला टेक्ससचा संघ आपल्या घरी येतोय. वेळ थोडा आहे.

सर्वात आधी, खेळ बघणं सोडा. बघायचाच असेल तर फक्त बॉल बघा. बॉल जाईल तिकडे मान फिरवा. स्नॅपनंतरच्या, म्हणजे सेंटरने बॉल मागे दिल्यानंतरच्या, तीन सेकंदांत ते पाच जण काय करतात याकडे चुकून लक्ष गेलं, तर ठाम मत बनवणं फार जड जातं.

मग वजाबाकी करा. गेल्या, म्हणजे २०२४ च्या, हंगामाच्या सुरुवातीला ठरलेल्या पाचांपैकी जॉश सिमन्स गेला, डॉनोव्हन जॅक्सन गेला, सेथ मॅकलॉफलिन गेला, जॉश फ्रायर गेला. उरला एकटा टेग्रा चाबोला. पाचातून चार गेले, एक उरला, लाइन संपली. वर लाइनचे कोच जस्टिन फ्राय ॲरिझोना कार्डिनल्स या व्यावसायिक संघाकडे गेले, हेही घालून द्या. उरलेल्यांत कार्सन हिन्झमन आहे, जो २०२३ चा हंगाम सेंटर (लाइनच्या मधोमध उभा राहणारा) म्हणून खेळला, शेवटच्या बोलला, म्हणजे हंगामाअखेरच्या खास सामन्याला, बाकावर बसवला गेला, आणि गेल्या वर्षी गरज पडली तेव्हा उठून अजिंक्यपदापर्यंत सेंटरला उभा राहिला. त्याचं नाव काढू नका, हिशेब बिघडतो. ल्यूक मॉन्टगोमेरी आणि ऑस्टिन सिएरवेल्ड यांचंही नको.

समजावताना क्रिकेट वापरा. 'दोन्ही ओपनर गेल्यावर टीम काय करणार,' एवढं म्हटलं की आपल्या लोकांना पटतं. क्रिकेटमध्ये एक बाद झाला तरी दुसऱ्याची फलंदाजी चालू राहते आणि लाइनमध्ये एकाचं पाऊल अर्ध्या फुटाने चुकलं की बाकी चौघांची मेहनत मातीत जाते, हा फरक पार्टीत कोणी विचारत नाही.

स्टार मोजा. शाळेतून येताना पोराला पाच स्टार होते की तीन, एवढंच खरं. उत्तम लाइनसाठी दिला जाणारा 'जो मूर' पुरस्कार २०२४ मध्ये आर्मीच्या, म्हणजे लष्करी अकादमीच्या, पोरांनी नेला. त्यांच्या भरतीला पाच स्टार देत कोणी फिरत नाही. पण पुरस्कार देणाऱ्यांना काय कळतंय!

एप्रिलमधल्या स्प्रिंग गेमवरून वाटेल ते निष्कर्ष काढा. त्यात क्वार्टरबॅकला हात लावायचा नसतो, त्यामुळे संरक्षण कसं होतं ते स्पष्ट दिसतं.

पोर्टलबद्दल, म्हणजे खेळाडू ज्यातून युनिव्हर्सिटी बदलतात त्याबद्दल, मत असायलाच हवं. बाहेरून खेळाडू आणले तर 'भाडोत्री', नाही आणले तर 'कोच झोपा काढतात'. दोन्ही वाक्यं पाठ ठेवा, एकाच संध्याकाळी दोन्ही लागतात. यंदा ईथन ओनियान्वा राइस युनिव्हर्सिटीहून आलाय. त्यावरचा विनोद मी लिहीत नाही, तुम्हाला तो सुचलेला आहेच. फिलिप डॅनियल्स मिनेसोटाहून आलाय, मूळचा सिनसिनाटीचा, म्हणजे घरचंच पोर. त्यालाही भाडोत्रीच म्हणा. आणि मॅकलॉफलिनचा विषय निघाला तर शिताफीने बदला. अलाबामाचा सेंटर असताना १ जानेवारी २०२४ च्या रोझ बोलमध्ये त्याचे स्नॅप इकडेतिकडे गेले, तेव्हा त्याच्याच लोकांनी त्याला नको नको ते ऐकवलं. तो पोर्टलमधून आपल्याकडे आला आणि त्याच वर्षी देशातला सर्वोत्तम सेंटर म्हणून रिमिंग्टन ट्रॉफी घेऊन गेला. हे मध्ये आलं की पोर्टलला नावं ठेवता येत नाहीत.

अधूनमधून आपला जुना टॅकल ऑर्लॅंडो पेस याचं नाव घेऊन उसासा टाका. १९९६ नंतर या राज्यात टॅकल जन्मलाच नाही. त्या वर्षी त्याला हाइझमन या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी मतं मिळावीत म्हणून युनिव्हर्सिटीने पॅनकेकच्या आकाराची फ्रिज मॅग्नेट पत्रकारांना वाटली होती, कारण समोरच्याला उताणं पाडण्याला पॅनकेक म्हणतात. चौथा आला. लाइनमनला इतकी मतं पडायची तर त्याआधी पत्रकारांच्या फ्रिजपर्यंत पोचावं लागतं.

स्टेडियममध्ये गेलात तर आपल्या संघाकडे बॉल असतानाच 'ओ-एच' ही आपली घोषणा ओरडा. एक लाखावर लोक आहेत, लाइनला क्वार्टरबॅकचा आवाज ऐकू गेला नाही तर ते त्यांचं बघून घेतील. मग फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे कोणी वेळेआधीच हलला, की कपाळावर हात मारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. क्वार्टरबॅक पडला, म्हणजे सॅक झाला, की लगेच म्हणायचं, 'लेफ्ट टॅकल बेकार आहे.' विचार करायचा नाही. क्वार्टरबॅकने बॉल चार सेकंद हातात धरून ठेवला असेल, तरी लेफ्ट टॅकल. रिसीव्हर चुकीच्या दिशेने वळला असेल, तरी लेफ्ट टॅकल. ब्लिट्झवर, म्हणजे थेट क्वार्टरबॅकवर, धावून येणाऱ्या समोरच्या लाइनबॅकरला अडवणं रनिंग बॅकचं काम होतं आणि तो भलतीकडेच बघत होता, तरीही लेफ्ट टॅकल. सॅक उजव्या बाजूने आला असेल तरीसुद्धा, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, लेफ्ट टॅकल! समोरचे दोघे स्टंट करतात, म्हणजे त्यांचा डिफेन्सिव्ह टॅकल बाहेर घुसतो आणि टोकाचा एंड त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत येतो. तेव्हा आपल्या गार्डने (सेंटर आणि टॅकल यांच्या मधला) आणि टॅकलने चालू धक्काबुक्कीत, एकमेकांकडे न बघता, आपला माणूस दुसऱ्याच्या हवाली करायचा आणि त्याचा आपण घ्यायचा. हे खांद्याला खांदा लागला की कळतं, आणि तेसुद्धा महिनोन्‌महिने शेजारी उभं राहिल्यावर. परक्या मैदानात तर बोलणंच ऐकू येत नाही. गार्ड मान मागे वळवून क्वार्टरबॅककडे बघतो, सेंटरला थाप देतो, सेंटर मान हलवतो, आणि त्या मानेच्या हालचालीवर पाच अवाढव्य माणसं एकाच क्षणी सुटतात. ते बॉल पकडत नाहीत, गुण करत नाहीत, मैदानावर त्यांचा नंबर माइकवरून पुकारला जातो तो होल्डिंगच्या, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याच्या दंडाच्या, वेळी. आणि तुम्ही सोफ्यावर बसून म्हणता, बेकार आहे! कोणाच्या जिवावर म्हणता?

गेल्या वर्षीचं, २०२४ चं, तरी आठवा. १२ ऑक्टोबरला ओरेगनला सिमन्सचा गुडघा गेला. ३२-३१ ने हरलो. पुढे नेब्रास्काला झेन मिकाल्स्की लेफ्ट टॅकलला उतरला आणि तोही दुखावला. २१-१७, थोडक्यात वाचलो. त्यानंतर पेन स्टेट, तेही त्यांच्या घरी, आणि समोर अब्दुल कार्टर, जो पुढे ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, तिसरा गेला. त्याच्यासमोर कोणाला उभं केलं? डॉनोव्हन जॅक्सनला. गार्ड म्हणून नाव कमावलेला मुलगा. गार्डहून टॅकलला जाणं म्हणजे एक जागा सरकणं नव्हे. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात. टॅकलच्या बाहेर मोकळं मैदान, आणि तिथून बुलेट सुटावी तसा माणूस अंगावर येतो, त्याला उलट्या पावलांनी मागे सरत अडवायचं. हे त्याने हंगामाच्या मधोमध शिकून घेतलं. जिंकलो, २०-१३. नोव्हेंबरमध्ये सरावात मॅकलॉफलिनचं अकिलिस, म्हणजे टाचेमागची शीर, तुटलं, हिन्झमन सेंटरला गेला, आणि त्याच आठवड्यात इंडियानाला ३८-१५ असं झोपवलं.

मग ३० नोव्हेंबर. वरच्या राज्यातला तो आपला जुना वैरी संघ. १३-१० ने हरलो, तेही हॉर्सशूमध्ये, आपल्याच स्टेडियममध्ये. नाव घेत नाही, त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या त्यांच्या आद्याक्षरावरही लाल फुली मारतात. लाइन त्या दिवशी कमी पडली, हो. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघेही पुढे पहिल्या फेरीत गेलेले, मधोमध उभे असताना पुन्हा पुन्हा मधूनच धाव काढायला कोणी सांगितलं, हे मात्र कोणी विचारलं नाही. रात्रीपर्यंत मुख्य कोच रायन डेंना काढून झालं होतं, लाइनमधल्या प्रत्येकाला घरी पाठवून झालं होतं. आमच्या ओळखीच्या एकांनी तर पुढच्या वर्षीचं तिकीट न घेण्याची प्रतिज्ञा केली. (घेतलंय. माझ्या मागच्याच रांगेत.)

त्याच लाइनने, त्याच दोन मोडलेल्या आणि दोन हलवलेल्या माणसांच्या लाइनने, अजिंक्यपदाच्या प्लेऑफमध्ये टेनेसीला ४२-१७ हरवलं. रोझ बोलमध्ये त्याच ओरेगनवर ३४-० अशी आघाडी घेतली, आणि शेवटी ४१-२१. मग टेक्सस २८-१४. २० जानेवारी २०२५ ला अटलांटामध्ये अंतिम सामन्यात नोत्र दाम ३४-२३. त्या सामन्यात शेवटी थर्ड अँड ११ (तिसरा प्रयत्न, अजून ११ यार्ड हवेत) असताना आपला क्वार्टरबॅक विल हॉवर्डने जेरमाया स्मिथला ५६ यार्डांचा पास दिला, तो तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. फोनवर ठेवलाय. इतका लांब पास पोचायचा तर रिसीव्हरला तेवढं धावायला वेळ लागतो, आणि तो वेळ क्वार्टरबॅकला कोणीतरी मिळवून द्यावा लागतो. कोणी दिला? त्या व्हिडिओत तुम्ही एकदा तरी डावीकडे बघितलंय? जॅक्सनला ड्राफ्टमध्ये मिनेसोटा वायकिंग्जने २४ वा घेतला, आणि अर्ध्याहून जास्त हंगाम हुकलेल्या सिमन्सला कॅन्सस सिटी चीफ्सने ३२ वा. त्यांच्या माणसांना ओ-लाइन कळत नसणार, पाणीपुरी खात नाहीत ना.

सरळच बोलतो. तुम्हाला यातलं काही कळत नाही, आणि न कळणं हा गुन्हा नाही. मलाही निम्म्या वेळा व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघावं लागतं. पण कळत नसताना एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना जाहीर नालायक ठरवायचं, त्यांच्या इन्स्टाग्रामवर जाऊन घाण लिहायची, आणि तीच पोरं जिंकली की अजिंक्यपदाचा टी-शर्ट घालून मुलाच्या वाढदिवसाला जायचं, याला लाज वाटली पाहिजे. तुमच्या घरातला त्या वयाचा मुलगा अजून गाडी मागे घेताना आईला खाली उतरवतो. इथे ते पोर लाखभर लोकांसमोर सुजलेल्या बोटांना टेप गुंडाळून उभं असतं.

'आता त्यांना पैसे मिळतात ना!' हे वाक्य येणार, माहीत आहे. मिळतात. जून २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट देऊ शकते, २०२५-२६ मध्ये एका युनिव्हर्सिटीकडून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, सगळे खेळ मिळून. त्या करारात तुमच्या शिव्या खाण्याचं कलम नाही. तुम्हालाही पगार मिळतो. तुमच्या कोडमध्ये बग निघाला तर डब्लिनचे ते गृहस्थ तुमच्या घरी येऊन 'तुम्ही संपलात' म्हणतात का?

यंदाची, २०२५ ची, लाइन कशी असेल? हे लिहितोय तेव्हा टॅकल कोण ते अजून नक्की नाही. टायलर बोवेन नवे कोच आहेत. क्वार्टरबॅक ज्युलियन सेन असो वा लिंकन कीनहोल्झ, त्याच्या आवाजाची सवय व्हायची आहे. आत मात्र मोठे सामने खेळलेली पोरं आहेत, आणि गेल्या डिसेंबर-जानेवारीत काय झालं ते त्यांच्या अंगात आहे. पहिल्या सामन्यात समोर क्वार्टरबॅकवर धावून येणारा टेक्ससचा कॉलिन सिमन्स असेल. पहिल्या एकदोन सिरीज अडखळतील, कदाचित सॅकही होईल. तेव्हा तोंड बंद ठेवा. बॉल आपल्याकडे असताना तर नक्कीच. ऑक्टोबरपर्यंत या पाच जणांना एकमेकांचा खांदा ओळखू द्या, आणि तोवर शिव्या द्यायची फारच खाज असेल तर मला द्या. आणि जिंकलो, तर 'मी म्हणतच होतो' म्हणत माझ्या गळ्यात पडू नका. तुम्ही म्हणत नव्हता. मी तिथेच उभा होतो.