ओटा आवरल्यानंतरची भूक

वजन वाढलेल्या बाईला आपल्याकडे सर्वांत आधी ‘जिभेवर ताबा ठेव’ असे सांगितले जाते आणि सांगणाऱ्यांत घरचे, नातेवाईक, कधी कधी डॉक्टरही असतात. हा सल्ला तिला अपाय करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरी, प्रवास, मुलांचा अभ्यास आणि सासूसासऱ्यांची औषधे सांभाळून, सगळे झोपल्यावर जी बाई शेवेचा डबा उघडते, ती तासाभरापूर्वीच जेवलेली असते. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि भाजीभाकरीने भागते. मनावरच्या ताणातून आलेली भूक मात्र एकदम उसळते आणि तिला गोड किंवा तळलेलेच हवे असते. अचानक संकट ओढवले तर अन्नावरची वासना उडते. परंतु तोच ताण महिनोन्‌महिने राहिला, तर अनेकांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते, गोड व स्निग्ध पदार्थांची ओढ लागते आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. अमेरिकी संशोधक मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे मांडले, की अशा पदार्थांमुळे शरीराची ताणाची प्रतिक्रिया खरोखरच काहीशी शमते. म्हणजे खाल्ल्यावर तिला बरे वाटते, हा तिच्या मनाचा खेळ नसतो.

ते बरे वाटणे टिकत नाही, ही खरी अडचण आहे. मागोमाग अपराधी वाटते, त्या भरात दुसऱ्या दिवशी नाश्ता टाळला जातो आणि उपाशी शरीर रात्री अधिकच मागते. त्यात झोप अपुरी झाली, तर भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते आणि तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन घटते. अशा वेळी हळदीकुंकवाला कोणी ‘किती सुटलीस गं’ म्हणाले, की ताणात आणखी भर पडते. बोलणाऱ्याला ते प्रेमाने म्हटल्यासारखे वाटत असेल, पण ऐकणारीची ती रात्र पुन्हा त्याच डब्यापाशी जाते.

वजनाकडे दुर्लक्ष करावे, असे मी मुळीच म्हणत नाही. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले आहे. आपल्यासाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याची, धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ मानतात, ती याच कारणाने. म्हणूनच उपाय नेमका हवा. काय खाल्ले यापेक्षा त्याआधी काय घडले, याची तिने नोंद ठेवावी, दुपारचे जेवण चुकवू नये आणि घरच्यांनी रात्रीचा ओटा, औषधे, डबे यांतले निम्मे काम रोजच्यासाठी आपल्याकडे घ्यावे.

आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, ताबा सुटून खूप खाल्ले जात असेल आणि नंतर स्वतःची घृणा वाटत असेल, तर तो आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, तेही विनामूल्य आणि कोणत्याही वेळी.