इंधन काढलं, मग पंखे कशाला?

भाऊ, नमस्कार. ‘सवाना’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या अमेरिकन जहाजावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की इंधन १९७१ सालीच काढलं, तर मग पुढे पंखे, फिल्टर आणि मीटर यांचा एवढा पसारा कशाला. अणू म्हटलं की लोकांना उगाच घाबरवायचं.

इंधन कधी काढलं हे मी लेखात ठळकपणे सांगायला हवं होतं. ती चूक माझी. पुढचा हिशोबही तुमच्याच बाजूने जातो. न्यूट्रॉनच्या माऱ्याने अणुभट्टीचं पोलादच किरणोत्सारी होतं. त्यातला कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. भट्टीचं पात्र २०२२ मध्ये जहाजातून बाहेर काढलं, तोवर तो जवळजवळ आठशे पटींनी कमी झाला होता.

पण म्हणून पंखे बंद करता येत नाहीत. भट्टी मोडीत काढताना जुनी नळी कापली की बारीक धूळ उडते. किरणोत्सारी लोखंडापासून माणूस चार पावलं लांब उभा राहू शकतो, पण श्वासातून छातीत गेलेल्या धुळीपासून लांब कसं जाणार? म्हणून अशा कामात त्या खोलीतली हवा सतत बाहेर ओढतात. खोलीतला दाब बाजूच्या जागेपेक्षा कमी राहतो आणि फटीफटीतून हवा आतच जाते, बाहेर येत नाही. आपला नागपुरी कूलर याच्या बरोबर उलट आहे. तो हवा घरात ढकलतो, म्हणून समोरचं दार उघडं ठेवावं लागतं. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट लावा, खिडक्या लावून घ्या, दार बोटभर उघडं ठेवा आणि फटीशी उदबत्ती धरा. धुराची रेघ आत वळताना दिसेल. ओढलेली हवा हेपा नावाच्या अतिबारीक फिल्टरमधून जाते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण त्यात अडकतात.

आणि मला खरी काळजी वाटते ती अणूची नाही, गंजाची. सवानाची भट्टी ज्या पोलादी कवचात होती, ते सुमारे १५ मीटर लांब आणि साडेदहा मीटर व्यासाचं. त्याशिवाय कुठल्याही जहाजाच्या तळाशी बंद टाक्या असतातच. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. बंद जागेत तो भरून निघत नाही. वास नाही, रंग नाही. माणूस उतरतो आणि शिडीच्या पायथ्याशी कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही तिथेच पडतो. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायचे, तेही अशाच भीतीने.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात आठ महिने बंद असलेली रिकामी टाकी उघडायची होती. आत ना रसायन, ना गॅस, नुसता भिंतींवर तांबूस गंज. हेल्पर एक पाय शिडीवर टाकून उभा होता. त्याला थांबवलं आणि ऑक्सिजन मोजणारा मीटर दोरीला बांधून खाली सोडला. बाहेर २०.९ टक्के दाखवणारा काटा तळाशी १६ वर आला. १९.५ च्या खाली उतरायचं नाही, हा नियम. मॅनहोलमधून ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडली, दोन तास हवा मारली. मग वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी पुन्हा मोजलं. सगळीकडे २०.८ आल्यावरच तो पोरगा आत उतरला. ब्लोअर मात्र तो बाहेर येईपर्यंत चालूच ठेवला.