सॅलरी मिठाची, पण पगार मिठाचा नव्हे

एक तारीख आली की आमच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज उगवतोच: “रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं, म्हणून ‘सॅलरी’. मीठ घेणारा तो ‘सोल्जर’. ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ही तिथलंच. ‘टिप’ म्हणजे टू इन्शुअर प्रॉम्प्ट सर्व्हिस. आणि ‘कॅश’ तर तमिळ ‘कासू’वरून!” पाठवणारे काका, म्हणून तिथे गप्प बसलो.

सॅलरीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून तर ते टिकतं. मूळ लॅटिन शब्द ‘सालारिउम’, आणि त्यात ‘साल’ म्हणजे मीठ आहेच. पण शब्दात मीठ होतं म्हणून हातावर मीठच पडायचं असं कुठे आहे? आपण ‘चहापाणी’ देतो तेव्हा कुणाच्या खिशात चहा ओततो का? पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरल्या प्लिनीने या शब्दाचा मिठाशी संबंध नोंदवला, पण सैनिकांना मीठ वाटत असं तो म्हणत नाही. त्यांच्या पगाराला नावच वेगळं होतं, ‘स्टिपेंडिउम’. आपला स्टायपेंड त्यातूनच आला. सम्राट ऑगस्टसच्या काळात लीजनमधल्या, म्हणजे रोमन फौजेच्या मुख्य पलटणीतल्या, साध्या शिपायाला वर्षाला 225 दिनारियस, तीन हप्त्यांत. चांदीची नाणी.

पुरावा हवा असेल तर इस्रायलमधल्या मसादाच्या किल्ल्यात सापडलेला रोमन काळातला पपायरस, म्हणजे त्या काळचा कागद, बघा. गायस मेसियस नावाच्या शिपायाची ती चक्क पे-स्लिप आहे. जमा 50 दिनारियस. कपात: जवाचे 16, बुटांचे 5, तागाच्या अंगरख्याचे 7, शिवाय जेवणाचे वेगळे. मीठ ना जमेत, ना कपातीत. हातात काय उरलं असेल ते नोकरदारांना सांगायला नको.

सोल्जरचं मूळ ‘सॉलिडस’, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला आणलेलं सोन्याचं नाणं. इथेही मीठ नाही. आणि मिठाला जागायला रोमपर्यंत कशाला जायचं? फारसी वळणाचे नमकहलाल, नमकहराम शेजारीच आहेत. ज्याच्या घरी जेवलो त्याच्याशी बेइमानी नको, एवढाच त्याचा अर्थ.

टिपचं तर हसूच येतं. सतराव्या शतकातल्या इंग्लिश चोरट्यांच्या बोलीत ‘टिप’ म्हणजे देणं, हळूच सरकवणं. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची हौस फार नंतरची. शिवाय ‘खात्री करणं’ला ‘एन्शुअर’ हवं. ‘इन्शुअर’ने वेटरचा विमा उतरेल.

कॅशबद्दल काका अर्धे बरोबर आहेत. इंग्रजीत ‘कॅश’ दोन आहेत. रोख रकमेचा शब्द पैशाच्या पेटीवरून आला, फ्रेंच ‘केस’, इटालियन ‘कासा’. दुसरा म्हणजे दक्षिणेतलं छोटं नाणं, आणि त्याचं मूळ खरंच ‘कासू’, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेलं. मद्रासेत असे 80 कॅश मिळून एक फणम हे मोठं नाणं व्हायचं.

खरं नातं मात्र मेसेजात नाहीच. इंग्रजी ‘पे’ लॅटिन ‘पाकारे’वरून आला, म्हणजे शांत करणं, सावकाराला शांत केलं की देणं मिटलं. मराठीत आपण तहानही भागवतो आणि देणंही, तसंच काहीसं. त्याच ‘पाकारे’चं पोर्तुगीजांनी ‘पगार’ केलं, अर्थ ‘पैसे देणं’. तो शब्द आपण उचलला आणि महिन्याच्या कमाईला लावला. म्हणजे काका ज्याची वाट बघत मेसेज पाठवतात तो पगार सॅलरीचा कुणी नाही, ‘पे’चा सख्खा चुलतभाऊ आहे.