आपल्या अनिकेतला हरवणारी पोरं

कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर एरवी पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींच्या फुटबॉल टीम सोडून तिसरा विषय निघत नाही. परवा मात्र बंडूचा न्यू जर्सीतला चुलतभाऊ आला होता. त्याला इथं कुणी नावानं हाक मारत नाही, तो 'अमेरिकावाला'. चहा यायच्या आधीच बंडूनं त्याला धरला.

"दिल्लीची मॅच आठवतीय? ६ ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता भारताच्या टीममध्ये. तुमच्या पोरांनी ३-० नं धुतलं आपल्याला. आणि चारच दिवसांनी तुमचे बाप्ये गेले आणि त्रिनिदादकडनं २-१ हरले! पात्रता फेरीतली तळातली टीम ती. नुसता ड्रॉ केला असता तरी २०१८ चा वर्ल्ड कप हुकला नसता. पोरं वाघ आणि बाप्ये शेळ्या, हे कसं काय मर्दा?"

"पोरं वाया नाही गेली," अमेरिकावाला म्हणाला. "त्यातले सार्जंट, वेआ, डेस्ट, तिघंही २०२२ ला कतारच्या वर्ल्ड कपमध्ये होते. वेल्सविरुद्ध वेआचाच गोल."

"आणि २०२४ च्या कोपा अमेरिकेत पनामाविरुद्ध अठराव्या मिनिटाला लाल कार्डही त्याचंच," सर म्हणाले. सर म्हणजे आमचे निवृत्त क्रीडाशिक्षक, बोलतात कमी पण नेमकं. "स्वतःच्या देशात स्पर्धा, आणि पहिल्या फेरीतच घरी. शिवाय तो डेस्ट तुमचा कसा? जन्मला नेदरलंड्समध्ये, शिकला तिथल्याच आयाक्स क्लबात. तुमच्या टीममधला रॉबिन्सन इंग्लंडचा. बालोगन जन्मला न्यूयॉर्कला, पण वाढला लंडनमध्ये. तुम्ही स्वतः घडवलेला कोण, ते सांगा."

"पुलिसिक! पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा."

"तो सोळाव्या वर्षी जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबला गेला. तेही आजोबांमुळे क्रोएशियाचा पासपोर्ट मिळाला म्हणून. नाहीतर फिफाच्या नियमानं अठरापर्यंत थांबावं लागलं असतं."

इथं अमेरिकावाला जरा मऊ झाला. त्याचा मुलगा तिथं 'ट्रॅव्हल टीम'मध्ये खेळतो. क्लबची फी, किट, हॉटेलं, विमानं धरून वर्षाला काही हजार डॉलर जातात, आणि शनिवार-रविवार हा पठ्ठ्या स्टिअरिंगवर. "मला परवडतं," तो म्हणाला, "पण टीममध्ये बघतो ना, सगळे माझ्यासारख्यांचेच मुलगे."

अमेरिकेचा जुना खेळाडू क्लिंट डेम्प्सी, त्याची गोष्ट मला त्यावरून आठवली. टेक्सासमधलं नॅकडोचेस नावाचं गाव. तिथून डॅलसचा क्लब गाडीनं तीन तासांवर. बहिणीचं टेनिस आणि ह्याचा फुटबॉल, दोन्ही खर्च आईवडिलांना झेपेनात, तेव्हा टीममधल्या इतर मुलांच्या पालकांनी हात दिला. पुढे त्यानं देशासाठी ५७ गोल मारले. त्यांचा दुसरा मोठा खेळाडू लँडन डोनोव्हन, त्याचेही तितकेच. ज्यांच्यासाठी कुणी हात पुढे केला नाही, त्यांचे गोल मोजणार कसे?

"पण भावा," बंडू म्हणाला, "आपल्याकडं तालमीचा शर्ट घालायला कोण फी भरतंय? वर्गणीवर चालतंय सगळं. मग आपण कुठं पोचलो? एकदा तरी मोठ्यांचा वर्ल्ड कप खेळलो?"

ह्यावर कट्टा गप्प. फुकट मिळालं की खेळाडू घडतोच असं नाही, हे कोल्हापुरात राहून कोण नाकारणार?

सरांनी मग खरा मुद्दा काढला. फिफाचा नियम असा की खेळाडू पैसे देऊन दुसऱ्या देशात विकला गेला, तर बारा ते तेवीस वयात ज्यांनी त्याला शिकवलं त्या क्लबांना त्या रकमेचा छोटा हिस्सा मिळतो. पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी प्रशिक्षणाची भरपाई असते ती वेगळीच. अमेरिकेत हे पैसे वर्षानुवर्षं क्लबांपर्यंत पोचू दिले गेले नाहीत. अमेरिकेचा वेस्टन मॅकेनी डॅलसच्या अकादमीतून जर्मनीतल्या शाल्के क्लबला गेला तो फुकट. एमएलएसनं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगनं, हे पैसे मागायला सुरुवात केली २०१९ मध्ये.

मला हे पटलं. पोरगं मोठं झाल्यावर क्लबाला दमडी मिळणार नसेल, तर क्लबाचं गिऱ्हाईक पोराचा बाप. बापाला ह्या रविवारी कप हवा. मग बारा वर्षांच्या मुलांत उंच, दांडगं पोर आधी निवडलं जातं आणि बॉल पायाला चिकटवणारं किडमिडं बाकावर.

"आता तसं नाही," अमेरिकावाला उसळला. "एमएलएसच्या बहुतेक अकादम्यांत फी नाही. फिलाडेल्फियानं देशाच्या टीमला आरनसन दिला, डॅलसनं पेपी. पूर्वी फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनला एकच निवासी केंद्र होतं, मूठभर मुलांचं."

"आणि त्यानंतर २००७ ला जी राष्ट्रीय अकादमी लीग काढली, ती २०२० ला कोविडमध्ये तुमच्याच फेडरेशननं गुंडाळली," सर म्हणाले. "आणि एमएलएसमध्ये तीस क्लब, पण खालच्या लीगमध्ये घसरायची भीती एकालाही नाही. शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी तिथंच. अशा लीगमध्ये अठरा वर्षांच्या पोराला जिवाची बाजी लावायला शिकवणार कोण?"

"घसरायची भीती असती तर त्या पोराला खेळवलाच नसता कुणी!"

हे उत्तर बरं होतं, सरही मान हलवून गेले. पण अमेरिकावाल्याला थांबायचं कळत नाही. "आणि २००२ ला आम्ही वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल खेळलोय. पोर्तुगाल हरवला, मेक्सिको हरवला. जर्मनीच्या फ्रिंग्सच्या हाताला गोललाइनवर बॉल लागला नसता तर…"

"हाताला लागला की हात लावला?" बंडू.

"लागू दे नाहीतर लावू दे, पेनल्टीच!"

"रेफरीनं दिली?"

"नाही दिली, पण…"

"मग नाही."

साडेदहाला टपरीवाल्यानं बाकं उचलायला घेतली, तेव्हा बंडू फ्रिंग्स होऊन हात कुठं होता ते दाखवत होता.