कुटुंबानं निभावून नेलं, मग?

गेल्या महिन्यात सांगलीत आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मला रजा मिळाली नाही, म्हणून कार्यक्रमाचा व्हिडिओ इथे मेलबर्नमध्ये बसून पाहिला. आत्याला ओवाळून झालं, नातवंडांची गाणी झाली आणि मग आत्तेभाऊ, म्हणजे आमचा दादा, माइक घेऊन उभा राहिला. बोलता बोलता विषय कोविडवर आला. "कोविडनं एक गोष्ट दाखवून दिली," तो म्हणाला, "मुलगा परदेशात असणं आणि मुलगा नसणं यात काही फरक नाही. त्या वेळी निभावून नेलं ते इथल्या कुटुंबानं." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. तिनं अर्धवट उठून काहीतरी म्हटलं, पण टाळ्यांत ते ऐकू आलं नाही.

तेवढाच भाग मी त्या रात्री चार-पाच वेळा मागे नेऊन पाहिला. राग आला होता. अजून आहे.

दादा एकटाच असं म्हणत असता तर मी सोडून दिलं असतं. पण गेली काही वर्षं तिकडून येणारा प्रत्येक वाद फिरून फिरून इथेच येतो. शाळेच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वाटणीचा विषय निघतो आणि ‘ज्यानं सांभाळलं त्याचंच घर’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुणाचे आईवडील वृद्धाश्रमात गेल्याचं कळलं की मुलगा कुठल्या देशात असतो हे आधी विचारतात. आणि शेवटचा सवाल ठरलेला: कोविडमध्ये कुठे होतात तुम्ही?

दादाला हा सवाल करायचा हक्क आहे, हे आधीच सांगतो. एप्रिल 2021 मध्ये माझ्या बाबांसाठी जे काही झालं, ते त्यानं केलं.

14 एप्रिलला रात्री आठपासून महाराष्ट्रात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागले आणि दुसऱ्या दिवशी बाबांना ताप आला. लशीचा पहिला डोस मार्चमध्ये झाला होता, दुसरा व्हायचा होता. चार दिवस घरीच काढले. ऑक्सिमीटरचे आकडे लिहायला आईनं वेगळी वही केली नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर ती रोजच्या दुधाचा हिशेब लिहायची, त्याच चौकटीत ती आकडेही लिहायला लागली. वर ‘दूध 1 ली.’ आणि खाली बारीक अक्षरात 95, 94, 94. एप्रिलचं ते पान मी नंतर पाहिलं. 19 तारखेच्या चौकटीत 88 आहे आणि त्याभोवती पेननं दोनदा गोल केलाय. 20 तारखेपासून दूध अर्धा लिटर.

19 ला दिवसभर दादा बेड शोधत होता. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातून माणसं उपचाराला तिथे येतात, आणि त्या गावात रात्री अकरा वाजता एक ऑक्सिजन बेड मिळाला. बाबांना जिन्यावरून खुर्चीत बसवून त्यानं आणि खालच्या काकांनी उतरवलं. याच दोघांनी 2019 च्या पुरात, आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा, गावभागातल्या आमच्या त्याच जिन्यावरून बाबांना होडीपर्यंत आणलं होतं. मग एचआरसीटी, म्हणजे छातीचा स्कॅन, स्कोअर पंचवीसपैकी 17. मग रेमडेसिव्हिर. वाटप जिल्हाधिकारी कार्यालयातून व्हायचं होतं, पण दवाखान्यानं चिठ्ठी दादाच्याच हातात दिली. तो इस्लामपूर, जयसिंगपूर, कोल्हापूर करून आला. मग प्लाझ्मा. त्यासाठी त्यानं त्याच्या बँकेतल्या, कोविड होऊन गेलेल्या प्रत्येकाला फोन केले. मी इथे साडेचार तास पुढे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा राहून आकड्यांचा तक्ता करत होतो. त्या तक्त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

1 मे रोजी पहाटे बाबा गेले. अंत्यसंस्कार महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी केले. दादा पीपीई किट घालून लांब उभा होता आणि एका हातानं फोन धरून मला दाखवत होता. दुसऱ्या हातानं तो सारखा चष्म्यावरची वाफ पुसायला बघत होता, पण वरच्या शील्डमुळे ते जमत नव्हतं. अस्थी त्यानंच आणल्या. जुलैत परत पूर आला तेव्हा आईला स्वतःच्या घरी नेलं ते त्यानंच. आई तेव्हा फोनवर म्हणाली होती, "पुराचं एक बरं असतं बाबा, किती फूट झालं ते पुलावरून सांगतात, आपण सामान वर नेतो."

हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मला त्या टाळ्यांचा राग येतो. कुटुंबानं निभावून नेलं, हे छाती पुढे काढून सांगताना ते कुटुंबावर का येऊन पडलं हे कुणी विचारत नाही. पन्नाशीच्या माणसानं बाधा व्हायच्या भीतीत एका इंजेक्शनसाठी तीन गावं पालथी का घालायची? ज्या रेमडेसिव्हिरसाठी तो फिरला, ते दाखल झालेल्या रुग्णांना देऊ नये अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2020 मध्येच केली होती. ज्या प्लाझ्मासाठी त्यानं लोकांच्या विनवण्या केल्या, ती उपचारपद्धती आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 17 मे 2021 ला, बाबांना जाऊन सोळा दिवस झाल्यावर, मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. घराघरातून असे दादा धावत होते आणि चिठ्ठी देणाऱ्यानं त्यांना थांबवलं नाही. हा कुटुंबसंस्थेचा विजय नाही. कुटुंबाला विनाकारण पळवलं गेलं.

इथली गोष्ट सांगतो. ऑगस्ट 2020 मध्ये आमच्याकडे स्टेज फोर, म्हणजे सगळ्यात कडक लॉकडाऊन, लागली. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, रात्री आठला कर्फ्यू. सगळे लॉकडाऊन धरले तर आम्ही 262 दिवस घरात होतो. मला घसा दुखला म्हणून टेस्ट केली, दुसऱ्या दिवशी मेसेज आला, पॉझिटिव्ह. नंतर सैन्यातली दोन मुलं दार वाजवून मी घरात आहे ना ते बघून गेली. आरोग्य खात्याकडून रोज फोन यायचा. माझ्यासाठी कुणाही भावाला धावावं लागलं नाही, शेजारी कोण राहतं हे मला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही पडली नाही. ऑक्टोबर संपताना पहिला डोनट डे, म्हणजे शून्य नव्या रुग्णांचा दिवस, आला तेव्हा मी रस्त्यावर उभा राहून रडलो. 2021 संपेपर्यंत या अख्ख्या देशात कोविडनं गेलेली माणसं सव्वादोन हजारांच्या आसपास होती. एवढी माणसं वाचली ती सरकारनं आपलं काम केलं म्हणून.

एवढंच लिहून मी दादाला पाठवणार होतो. लिहूनही ठेवलं होतं. ते बायकोनं वाचलं आणि म्हणाली, आजींचं का नाही लिहिलंस?

ती वृद्धाश्रमात नर्स आहे. 2020 च्या हिवाळ्यातल्या (इथला हिवाळा जून ते ऑगस्ट) त्याच लाटेत व्हिक्टोरियात, म्हणजे आमच्या राज्यात, आठशेहून जास्त माणसं गेली, त्यांतली बहुतेक वृद्धाश्रमांतली. त्यांच्याकडच्या एक ग्रीक आजी शेवटच्या दिवशी सारख्या मुलाचं नाव घेत होत्या. मुलगा वीस मिनिटांवर राहणारा, रोज संध्याकाळी येणारा, पण आत कुणालाच सोडत नव्हते. बायकोनं त्यांच्यासमोर टॅब धरला. आजींना पडद्यावरचा चेहरा ओळखू येईना, त्या बायकोच्याच ग्लोव्ह घातलेल्या हाताला मुलगा समजून धरून बसल्या. ती घरी आली, गॅरेजमध्ये कपडे बदलले आणि तासभर गाडीतच बसून राहिली. ते मी लेखातून गाळलं होतं, कारण माझ्या मुद्द्याला ते अडचणीचं होतं.

आणि एक गोष्ट गाळली होती. मार्च 2020 मध्ये इथली सीमा बंद झाली तेव्हा आत यायला सवलत ‘इमिजिएट फॅमिली’ला, म्हणजे अगदी जवळच्या कुटुंबाला, होती. त्यात नवरा-बायको आले, अवलंबून असलेली मुलं आली, कायदेशीर पालक (गार्डियन) आले. माझ्यासारख्या मोठ्या माणसाचे आईवडील आले नाहीत. ते कुटुंबात धरले गेले 1 नोव्हेंबर 2021 पासून, बाबांना जाऊन सहा महिने झाल्यावर. सप्टेंबर 2020 मध्ये सांगलीतही ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत राज्य सरकारच्या मोहिमेचं पथक घरी आलं होतं. ताप मोजला, ऑक्सिजन मोजला, घरात माणसं किती विचारलं. आईनं दोन सांगितलं. बरोबरच होतं ते. इथल्या कागदावर आई-बाबा माझ्या कुटुंबात नव्हते आणि तिथल्या कागदावर मी त्यांच्या. इतकी वर्षं मी दोन्ही घरं माझी म्हणत आलो. मोजायची वेळ आली तेव्हा एकाही मोजणीत आम्ही एकत्र नव्हतो.

दादाला मी नेहमी एक उत्तर देत आलो आहे. तेच मी इथल्या महाराष्ट्र मंडळात दिलं, ऑफिसात दिलं. तेव्हा इथून बाहेर पडायलाच परवानगी लागत होती, 27 एप्रिलला भारतातून येणारी विमानं बंद झाली, 3 मेपासून तर भारतातून परत येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही पाच वर्षं कैद किंवा 66,600 डॉलर दंड लावला होता. मी कसा येणार होतो? यातला शब्द न् शब्द खरा आहे.

पण मी 18 एप्रिलला अर्ज केला होता. बाबांचे रिपोर्ट जोडले होते. 21 एप्रिलला दुपारी ईमेल आली. जायला परवानगी होती.

21 ते 27. सहा दिवस होते, आणि विमानं सुरू होती. आठ महिने बेकार राहून मार्चमध्ये नवीन नोकरी लागली होती. परत येताना सक्तीच्या हॉटेल क्वारंटाइनचे तीन हजार डॉलर होते, आणि येणं आपल्या हातात नव्हतं, आधीच हजारो जण तिकडे अडकून पडले होते. बायकोच्या रात्रपाळ्या, दोन मुलं. ही कारणं मी बायकोला सांगितली आणि तिनं ती ऐकून घेतली. खरं कारण यातलं एकही नव्हतं. त्या आठवड्यात फोनवर रोज जे दिसत होतं, रांगा, रिकामे सिलिंडर, त्यात उतरायची माझी छाती झाली नाही. मी घाबरलो. 27 ला विमानं बंद झाल्याची बातमी आली तेव्हा माझ्या अंगातला ताण उतरला, आणि तो उतरल्याचं मला कळलंही.

एप्रिल 2022 मध्ये वर्षश्राद्धाला गेलो. आईनं ते दिनदर्शिकेचं पान घडी करून बाबांच्या चष्म्याच्या घरात ठेवलं होतं. ते मला वाचायला दिलं आणि मी आकडे बघत असताना तिनं विचारलं, "तुला परवानगीच मिळाली नव्हती ना रे?"

‘नाही मिळाली,’ मी म्हणालो.

परवा धीर करून आईला विचारलं, दादाच्या भाषणात तू उठून काय म्हणालीस?

"तेच, जे सगळ्यांना सांगते," आई म्हणाली. "तो निघाला होता, त्याला सोडलंच नाही."