खुलासा : राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) तास विकत मिळत नाहीत

पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'पाचशे रुपये भरा, शिबिराला न जाता राष्ट्रीय सेवा योजनेचं प्रमाणपत्र घरबसल्या घ्या. योजना फक्त कला शाखेसाठी.' दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

विद्यार्थ्यांना समाजसेवेच्या कामात आणणारी ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, आणि शाखेची अट तिला नाही. प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर करावं लागतं. पैसे भरून यातला एक तासही वाढत नाही.

मी स्वतः दुसऱ्या वर्षाची स्वयंसेवक आहे. विसर्जनाला मुठेच्या घाटावर निर्माल्य वेगळं करताना रात्रीचे अकरा वाजले होते, हात झेंडूने पिवळे. एका आजींनी हातावर खिरापत ठेवली आणि म्हणाल्या, "दमलीस गं पोरी." तो दिवस पाचशे रुपयांत कुणी कसा देणार? म्हणूनच या मेसेजचा फार राग येतो.

नाव नोंदवायचं असेल तर आपल्याच कॉलेजातल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. हे काम एखादे प्राध्यापकच पाहतात. मेसेजमधल्या नंबरवर पैसे पाठवू नका. पाठवले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.